पंडिता रमाबाई : सासर-माहेर दोन्ही बंद झालेल्या बायकांसाठी तिसरं दार उघडणाऱ्या

नवरा मारतो, सासरचे छळतात असं एखाद्या बाईबद्दल कळलं की आजही पहिला प्रश्न ठरलेला असतो. मग ती घर सोडून का जात नाही? त्याच्या पुढचा प्रश्न मात्र फारसं कुणी विचारत नाही. घर सोडलं तर ती जाणार कुठे? लेकरांना घेऊन राहणार कुठे, खाणार काय, आणि चार दिवसांनी पाहुणी म्हणून माहेरीही नकोशी झाली तर?

आज या प्रश्नाला निदान कागदावर तरी उत्तर आहे. हेल्पलाइन आहे, निवारागृहं आहेत, कायदा आहे. १८८९ मध्ये यातलं काहीच नव्हतं. त्या वर्षी मुंबईत एका तरुण विधवेने बायकांसाठी एक घर सुरू केलं. पहिल्या दिवशी तिथे फक्त दोन विद्यार्थिनी होत्या. अकरा वर्षांनी तिच्या संस्थेत जवळपास दोन हजार बायका आणि मुलं राहत होती.

या बाईचं नाव पंडिता रमाबाई. त्यांच्याबद्दल आपल्याकडे दोनच गोष्टी जास्त बोलल्या जातात. एक म्हणजे त्या संस्कृतच्या मोठ्या पंडिता होत्या, आणि दुसरी म्हणजे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. या दोन्हींच्या मध्ये त्यांचं खरं आयुष्यभराचं काम हरवून जातं. ते काम होतं छळातून, उपासमारीतून आणि बाजारातून सुटलेल्या बायका-मुलांना पुन्हा उभं करण्याचं.

दुष्काळात आई-वडील गेले

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्र जाणणारे चित्पावन ब्राह्मण. त्यांनी त्या काळात एक मोठा गुन्हा केला होता, तो म्हणजे स्वतःच्या बायकोला संस्कृत शिकवलं. त्याबद्दल त्यांना धर्मपंडितांपुढे उत्तर द्यावं लागलं. पुढे सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात त्यांनी आश्रम थाटला आणि तिथेच रमाबाई जन्मल्या. आई लक्ष्मीबाईंनी लेकीला पहाटे उठवून हजारो श्लोक पाठ करून घेतले.

आश्रमाचा खर्च झेपेना, तेव्हा हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. देवळात पुराण सांगायचं आणि मिळेल त्या दक्षिणेवर जगायचं. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि तेही मिळेनासं झालं. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि मोठी बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं उपाशीपोटी देशभर पायी फिरत राहिले.

हा भाग लक्षात ठेवा. वीस-बावीस वर्षांनी याच रमाबाई दुष्काळी छावण्यांमध्ये शिरणार आहेत, आणि तिथे बसलेल्या मुलींकडे पाहताना त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज पडणार नाही.

१८७८ मध्ये भाऊ-बहीण कलकत्त्याला पोहोचले. विशीतली एक मुलगी संस्कृतात अस्खलित बोलते, शास्त्रार्थ करते, हे पाहून तिथले विद्वान थक्क झाले. त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, लग्नही नोंदणी पद्धतीचं. दोन्हीकडच्यांनी पाठ फिरवली. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला.

वय वर्षं २३. कडेवर एक वर्षाचीही न झालेली मुलगी. माहेर उरलेलं नाही, सासरने स्वीकारलेलं नाही.

विधवा म्हणजे काय भोगणं होतं?

त्या वेळच्या ब्राह्मण आणि इतर वरच्या जातींमध्ये मुलींची लग्नं आठव्या-नवव्या वर्षी व्हायची. नवरा मेला की नऊ वर्षांची मुलगीही विधवा. तिचं केशवपन करायचं, एक वेळ जेवायला द्यायचं, शुभकार्यात तिचं तोंड पाहायचं नाही आणि घरातली सगळी राबणूक तिच्याकडून करून घ्यायची. मालमत्तेत तिला हक्क नसल्यातच जमा. घरातल्याच पुरुषाने तिच्यावर हात टाकला तर सांगणार कुणाला? दिवस गेले तर बदनामी तिचीच.

महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी पुण्यात १८६३ मध्ये स्वतःच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते यामुळेच. काशीबाई नावाच्या एका विधवेने फसवणुकीतून झालेलं मूल मारलं आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या खटल्यानंतर हे घर सुरू झालं. १८८४ मध्ये फुल्यांनी सरकारला दिलेल्या निवेदनात तोवर ३५ गरोदर विधवा तिथे येऊन बाळंत झाल्याची नोंद आहे. त्यांची ३० मुलं दगावली. गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी ती गेली, असं फुल्यांनी नोंदवलं आहे.

विधवांचेच हाल होते असंही नाही. रखमाबाईंचा खटला आठवतो का? लहानपणी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याकडे जायला त्यांनी नकार दिला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. म्हणजे नको असलेल्या घरातून बाहेर राहायची कायदेशीर वाट तुरुंगाकडे जात होती. रमाबाईंनी आपल्या इंग्रजी पुस्तकात या खटल्याची दखल घेतली आहे.

पुणे, आणि मग इंग्लंड

नवरा गेल्यावर १८८२ मध्ये रमाबाई पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानड्यांच्या मंडळींनी त्यांना आधार दिला. त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला. बायकांनी एकत्र जमावं, शिकावं, बोलावं यासाठीची ही संघटना. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. मुलींसाठी शिक्षिका हव्यात आणि बायकांसाठी बायकाच डॉक्टर हव्यात, ही त्यांची मागणी होती.

विधवांसाठी घर काढायचं हे तेव्हापासूनच डोक्यात होतं, पण पैसे देणारं कुणी नव्हतं. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकीचं शिक्षण घ्यायचं होतं, पण ऐकू कमी येत असल्याने ते जमलं नाही. वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात गदारोळ उडाला. त्यांच्या निर्णयाची बाजू घेणाऱ्या मोजक्या लोकांमध्ये महात्मा फुले होते.

इंग्लंडमधल्या एका गोष्टीने त्यांच्या पुढच्या कामाला वळण दिलं. या भगिनी लंडनच्या फुलहॅम भागात एक आश्रयगृह चालवत होत्या. वेश्याव्यवसायात ढकलल्या गेलेल्या, समाजाने पतित ठरवलेल्या बायकांसाठीचं ते घर होतं. रमाबाईंनी तिथलं काम पाहिलं. अशा बाईला शिक्षा करायची किंवा तोंड फिरवायचं, हेच त्यांनी आजवर पाहिलं होतं. इथे तिची काळजी घेतली जात होती, आणि पूर्वी आश्रयाला आलेल्या बायका आता दुसऱ्यांना आधार देत होत्या. पुढे केडगावला हीच पद्धत दिसते.

पैसा कुठून आला?

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथे जवळपास अडीच-तीन वर्षं राहिल्या. लहान मुलांना शिकवण्याची बालवाडी पद्धत त्या तिथे शिकल्या. भारतातल्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते १८८७ मध्ये छापून आलं.

त्या पुस्तकात त्यांनी बायकांच्या तीन गरजा मांडल्या आहेत : स्वावलंबन, शिक्षण आणि आपल्याच देशातल्या शिक्षिका. यात निवारा हा शब्द वेगळा नाही. कारण त्यांच्या लेखी निवारा ही सुरुवात होती. बाईच्या हातात कमाई नसेल तर आज ना उद्या तिला त्याच घरात परतावं लागणार, हे त्यांना दिसत होतं.

अमेरिकेत गावोगावी व्याख्यानं देऊन त्यांनी पैसा उभा केला. १८८७ च्या डिसेंबरमध्ये बोस्टनला अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. दहा वर्षं मदत द्यायचं या संस्थेने कबूल केलं. एक अट मात्र होती. शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील.

शारदा सदन : एका घराचे नियम

११ मार्च १८८९. मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये होत्या गोदूबाई, लहानपणीच विधवा झालेल्या. पुढे याच गोदूबाईंनी धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं आणि त्या आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे झाल्या.

सदनाची व्यवस्था विचारपूर्वक केलेली होती. मुलींना आपापले सोवळ्या-ओवळ्याचे नियम पाळता येत होते, स्वयंपाक ब्राह्मणी होता, पूजाअर्चेला मनाई नव्हती. कारण नियम मोडले तर घरचे लोक मुलगी पाठवणारच नाहीत, हे रमाबाई ओळखून होत्या. मुली लिहा-वाचायला शिकत, शिक्षिका होण्याची तयारी करत. केस वाढवायचे की नाही, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं.

१८९० च्या शेवटी सदन पुण्याला हललं. रानडे, भांडारकर, तेलंग यांच्यासारखी मोठी माणसं सल्लागार होती.

मग १८९३ उजाडलं.

वाद कशावरून झाला?

रमाबाई स्वतः रोज आपल्या खोलीत प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असायचं. काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. पुण्यात बातमी पसरली की विधवांना ख्रिस्ती केलं जात आहे. टिळकांच्या केसरीने जोरदार टीका केली. १८९३ च्या ऑगस्टमध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

दोन्ही बाजू नीट समजून घ्यायला हव्यात. सल्लागारांचं म्हणणं असं की, तटस्थतेच्या शब्दावर लोकांनी लेकी सोपवल्या, त्यामुळे शंका येईल असं काहीही होता कामा नये. आश्रयाला आलेली मुलगी सगळ्या बाजूंनी अवलंबून असते. तिच्यावर उपकारकर्त्या बाईचा प्रभाव पडणारच, आणि त्या प्रभावाला मोकळी निवड म्हणायचं का, हा प्रश्न खरा होता. रमाबाईंचं म्हणणं असं की, आपण कुणावर जबरदस्ती केली नाही, आणि दुसऱ्यांची पूजा चालू असताना आपण मात्र आपली प्रार्थना दार लावून करावी हे मान्य नाही. अमेरिकेतली संस्था त्यांच्या पाठीशी राहिली. पुढच्या वर्षांत काही मुलींनी खरोखरच बाप्तिस्मा घेतला, त्यामुळे वाद शमला नाही.

पण या गदारोळात एक गोष्ट कुणी फारशी विचारली नाही. ज्या मुली काढून नेल्या, त्यांना काय हवं होतं? त्या परत त्याच घरांत गेल्या, जिथे शिक्षण थांबणार आणि पुन्हा तेच जगणं सुरू होणार. आश्रय देणाऱ्यांच्या आणि टीका करणाऱ्यांच्या भांडणात आश्रय घेणारीचा आवाज हरवणं, हे आजच्या संस्थांमध्येही घडतं.

या वादातून एक चांगली गोष्टही झाली. हिंदू समाजात राहूनच अशी संस्था काढता येईल का, यावर विचार सुरू झाला. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम सुरू केला आणि तो नंतर हिंगण्याला गेला. बाया कर्वे त्यासाठी वर्गणी गोळा करत फिरत. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं. त्याही कधीकाळी पंडिता रमाबाईंच्या आर्य महिला समाजात जात होत्या.

छावण्यांमध्ये शिरलेली बाई

इकडे रमाबाईंच्या कामाचा पसारा बदलत होता. यात्रेकरूचा वेश घेऊन त्या वृंदावनला गेल्या. घरच्यांनी तीर्थक्षेत्री आणून सोडलेल्या विधवांचं तिथे काय होतं, हे त्यांनी स्वतः पाहिलं. देवाच्या नावाखाली शोषण चाललं होतं.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाई तिथे गेल्या. सरकारी गरीबखान्यांमध्ये आणि मदतकार्याच्या ठिकाणी त्यांना उपासमार तर दिसलीच, पण आणखी एक गोष्ट दिसली. एकट्या पडलेल्या मुलींना दलाल गाठत होते. ज्यांच्यावर देखरेखीची जबाबदारी होती, त्यातलेही काही जण पोटभर अन्नाच्या बदल्यात मुलींचा गैरफायदा घेत होते. रमाबाईंनी हे सगळं लिहून प्रसिद्ध केलं. आणि सुमारे तीनशे मुली सोबत आणायचं ठरवलं.

आणायच्या कुठे? पुण्यात प्लेगची साथ होती आणि शहरात इतक्या नव्या मुली ठेवायला सरकारी मनाई. रमाबाईंनी आधीच पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला जमीन घेऊन ठेवली होती. सदनाला फळबागेचं उत्पन्न मिळावं, परदेशी देणगीवर कायम अवलंबून राहावं लागू नये, हा त्यामागचा हिशेब. त्याच माळरानावर तात्पुरत्या छपरांखाली मुलींची सोय झाली.

प्लेगच्या काळात त्यांनी आणखी एक धाडस केलं. रुग्णालयात पाठवलेली त्यांची एक मुलगी परत मिळाली नाही. तेव्हा प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत तरुण मुली सुरक्षित नाहीत, असा जाहीर आरोप त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून केला. गव्हर्नरांनी तो फेटाळला, पण विषय ब्रिटिश संसदेपर्यंत गेला. ख्रिस्ती झाल्या म्हणून सरकारधार्जिण्या असतील, असं समजणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

मुक्ती सदन चालायचं कसं?

१८९८ मध्ये केडगावला मुक्ती सदनाचा पाया घातला गेला. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा रमाबाईंच्या हाताखाली तयार झालेल्या बायका तिकडे गेल्या आणि मुली घेऊन आल्या. संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली.

आलेल्यांमध्ये कुणी मरणाच्या दारात, कुणी आजारी, कुणी इतकी घाबरलेली की जवळ येऊ देत नसे. आधीपासून राहणाऱ्या शारदा सदनातल्या विधवा त्यांची शुश्रूषा करत, त्यांना शिकवत. ज्यांनी स्वतः सोसलं होतं, त्याच आता शिक्षिका आणि देखरेख करणाऱ्या झाल्या होत्या.

प्रत्येकीची गरज वेगळी, म्हणून विभागही वेगळे होते. शिकणाऱ्या विधवांसाठी शारदा सदन. लैंगिक शोषणातून, वेश्याव्यवसायातून सुटलेल्या बायकांसाठी कृपा सदन. अंध मुलींसाठी वेगळा विभाग, जिथे मनोरमेच्या पुढाकाराने ब्रेल शिकवलं जाई. लहान मुलांसाठी बालवाडी. मुलग्यांसाठीही स्वतंत्र सोय होती.

आणि काम? शेती, बाग, गाई-म्हशी, तेलाचा घाणा, विणकाम, शिवण, धुलाई, बेकरी, छापखाना. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत सगळं बायका करत. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच छापखान्यात छापलं गेलं. जिला पुस्तकी शिक्षण जमत नाही, तिच्याही हातात कसब असावं हा त्यामागचा हेतू होता.

अर्थात मुक्ती हे उघडपणे ख्रिस्ती मिशन होतं. शारदा सदनाची जुनी तटस्थता इथे उरली नव्हती. दुष्काळात अन्न देणारी संस्था आणि धर्म शिकवणारी संस्था एकच असेल तर प्रश्न उभे राहणार, आणि ते आजही विचारले जातात. पण त्या मुलींना तेव्हा दुसरं दार उघडं नव्हतं, हेही तितकंच खरं.

शेवटची वर्षं

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिलं. १९२१ मध्ये त्यांच्या कामाची वारसदार असलेली मनोरमा वारली. त्यानंतर वर्षभरातच, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. केडगावची संस्था आजही सुरू आहे. १९८९ मध्ये टपाल खात्याने रमाबाईंवर तिकीट काढलं.

महाराष्ट्राने मात्र त्यांना बराच काळ आठवणीतून बाजूला ठेवलं. हिंदू समाजाने ख्रिस्ती झाल्या म्हणून, आणि चर्चमधल्या अनेकांनी जरा जास्तच स्वतंत्र डोक्याच्या म्हणून.

आज काय बदललंय?

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ मध्ये झाला आणि २००६ पासून लागू आहे. त्यात मारहाणीसोबत मानसिक, लैंगिक आणि आर्थिक छळही येतो. राहत्या घरातून बाईला हाकलता येत नाही, घर तिच्या नावावर नसलं तरीही. मुलांचा तात्पुरता ताबाही तिला मागता येतो. मदतीसाठी संरक्षण अधिकारी असतात. तिने मागितला तर निवारागृहाने तिला आसरा द्यायचा, असं कायदा सांगतो. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये समुपदेशन, वैद्यकीय आणि कायदेशीर मदत, पोलिसांशी संपर्क आणि थोड्या दिवसांचा निवारा एकाच ठिकाणी मिळतो. जास्त काळ राहण्यासाठी शक्ती सदन ही योजना आहे.

पण निवाऱ्याचे दिवस संपल्यावर काय, हा प्रश्न अजूनही अनेकींपुढे असतो. हाती कमाई नाही, मुलांची शाळा सुटलेली, भाड्याने खोली द्यायला कुणी तयार नाही. मग समजूत काढून तिला परत त्याच घरी पाठवलं जातं. केडगावचा घाणा, माग आणि छापखाना नेमका याच टप्प्यासाठी होता.

तुम्हाला किंवा तुमच्या ओळखीत कुणाला मदत हवी असेल तर हे क्रमांक जवळ ठेवा. महिला हेल्पलाइन १८१. मुलांसाठी चाइल्डलाइन १०९८. तातडीच्या वेळी ११२. शेजारच्या घरातून रोज आवाज येत असेल, तर हा फोन शेजाऱ्यालाही करता येतो.